डॅम्पर म्हणजे मलमपट्टी? साइडकारच्या थरथरत्या हँडलबद्दलचे तीन सल्ले, तपासून

साइडकार लावलेल्या मोटरसायकलचं हँडल ताशी वीस-पंचवीसच्या वेगाला थरथरायला लागलं की मालकाला हमखास तीन सल्ले मिळतात. पहिला: "ट्रेल कमी करून घ्या, थरथर जाईल." दुसरा: "डॅम्पर लावू नका, ती नुसती मलमपट्टी आहे, रोग आतच राहतो." तिसरा, सगळ्यात स्वस्त: "कोनसेट जरा आवळून बघा."

तिन्ही सल्ले अनुभवी माणसांकडून येतात, त्यामुळे ते उडवून लावायचा माझा विचार नाही. पण तिन्हींमागे थरथर का होते याबद्दलचं एकेक गृहीतक दडलेलं आहे, आणि ते गृहीतक क्वचितच कुणी उघडं करून तपासतं. आजची पोस्ट त्यासाठी. माझं स्वतःचं काम विमानाच्या नाकाखालच्या चाकाच्या थरथरीवर आहे (आमच्याकडे तिला 'शिमी' म्हणतात). चाक विमानाचं असो, मॉलमधल्या ट्रॉलीचं असो की साइडकारवाल्या बुलेटचं, मूळ गणित एकाच घराण्यातलं आहे. म्हणून हा विषय मला परका वाटत नाही.

आणि हा नुसता कागदावरचा वाद नाही. साइडकारमध्ये बहुतेक वेळा दुसरं कुणीतरी बसलेलं असतं: आई, मूल, कधी पायाने अधू असलेला घरातला माणूस. त्या माणसाच्या हातात हँडलही नसतं आणि ब्रेकही नसतो. चुकीच्या सल्ल्याची किंमत तो मोजतो.

आधी ट्रेल म्हणजे काय ते

हँडल ज्या तिरक्या दांड्याभोवती फिरतं, त्या दांड्याची रेघ मनातल्या मनात खाली जमिनीपर्यंत वाढवा. ती जिथे जमिनीला टेकते, त्याच्या थोडं मागे टायर जमिनीला टेकलेला असतो. या दोन बिंदूंमधलं अंतर म्हणजे ट्रेल. साध्या दुचाकीत ते साधारण ९ ते १२ सेंटीमीटर असतं. टायर मागून ओढला जातो, म्हणून तो आपोआप सरळ व्हायला बघतो.

दुचाकीला हे सोयीचं आहे, कारण ती वळताना झुकते. साइडकार लागली की गाडी झुकत नाही. आता वळायचं म्हणजे पुढचा टायर हाताच्या जोरावर तिरका धरून ठेवायचा. समजा वळणावर पुढच्या टायरवर बाजूने ५०० न्यूटन जोर येतोय आणि ट्रेल १० सेंटीमीटर आहे. हँडलवर ५० न्यूटन-मीटरचा पीळ आला. हँडलच्या दोन मुठींमध्ये ७० सेंटीमीटर अंतर धरलं तर एका हाताने सात किलोच्या आसपास ढकलायचं आणि दुसऱ्याने तितकंच ओढायचं. घाटात तासभर हे केल्यावर खांदे भरून येतात. ट्रेल निम्मा केला की हा भार निम्मा होतो.

म्हणूनच साइडकारसाठी ट्रेल कमी करण्याची परंपरा जुनी आणि योग्य आहे. बीएमडब्ल्यूने १९५५ पासून १९६० च्या दशकाअखेरपर्यंत ज्या गाड्यांना अर्ल्स फोर्क दिला, त्यात पुढच्या स्विंगआर्मच्या खिळीला दोन जागा होत्या: एक दुचाकी म्हणून चालवण्यासाठी, दुसरी साइडकारसाठी. दुसऱ्या जागी ट्रेल कमी व्हायचा. रशियातल्या इर्बिटची उरल घ्या, ती तर साइडकारसाठीच ओळखली जाते. तिचाही पुढचा भाग याच विचाराने बनलेला आहे.

इथपर्यंत सगळं ठीक. मग गडबड कुठे होते? हँडल *जड* असणं आणि हँडल *थरथरणं* या दोन वेगळ्या तक्रारी आहेत. पहिलीचं औषध दुसरीलाही लागू पडेल असं धरून चालणं, इथे.

थरथर कुठून येते

हँडल एका बाजूला वळलं की टायर त्याला परत मध्यावर आणायला जोर लावतो. हा जोर लगेच लागला असता तर काही बिघडलं नसतं. पण टायर रबराचा आहे. तिरका झाल्यावर थोडं अंतर लोळल्याशिवाय त्याच्यात बाजूचा जोर पुरता उभा राहत नाही. या अंतराला 'रिलॅक्सेशन लेंग्थ' म्हणतात. मी इथे त्याला 'टायरची पिछाडी' म्हणते. मोटरसायकलच्या टायरसाठी ते दहा-वीस सेंटीमीटरच्या घरात धरायला हरकत नाही.

आता झोपाळ्याचा विचार करा. झोपाळा मध्यावरून पुढे निघाला असताना त्याच दिशेने थोडा धक्का दिला तर झोका वाढतो. उशिरा येणारा जोर नेमकं हेच करतो. चाक मध्यावर परत आलं, आता जोर संपायला हवा. पण तो उशिरा चाललाय, म्हणून मध्य ओलांडल्यावरही तो थोडा वेळ चाकाला पुढेच ढकलतो. दर फेरीला थोडी ऊर्जा आत जाते. ती कुठून येते? गाडीच्या पुढे जाण्यातून. बाहेरून कुणी हलवत नसताना ही थरथर स्वतःच स्वतःला पोसते.

याच्या विरुद्ध ट्रेलचं एक दुसरं काम चालू असतं. ट्रेल असल्यामुळे हँडल फिरताना टायरचा टेकलेला भाग बाजूला सरकतो, आणि त्या सरकण्याला रस्ता विरोध करतो. म्हणजे ट्रेल थोडी आघाडी देतो, टायर थोडी पिछाडी. ट्रेल पिछाडीपेक्षा मोठा असेल तर थरथर होतच नाही. पण १५-२० सेंटीमीटर ट्रेलचं हँडल साइडकारवर वळवणं म्हणजे जातं ओढणं. त्यामुळे आपल्या सगळ्या गाड्या राहतात त्या ट्रेल पिछाडीपेक्षा कमी असलेल्या, धोक्याच्या बाजूला. मग उरलेली तूट भरून काढायला हवी ती घर्षणाने: हात, बेअरिंग, ग्रीस, डॅम्पर.

मग ठरावीक वेगालाच का?

साइडकारवाल्यांचा हा सगळ्यात जुना प्रश्न, आणि याचं उत्तर सुंदर आहे. पिछाडी १५ सेंटीमीटर धरू. ताशी ६० किमीला टायर एवढं अंतर ९ मिलिसेकंदांत लोळतो. हँडलच्या एका पूर्ण थरथरीला दीडशे मिलिसेकंद लागत असतील तर ९ म्हणजे काहीच नाही. जोर जवळजवळ वेळेवर येतो. ताशी ५ किमीला तेच अंतर कापायला १०८ मिलिसेकंद लागतात. तेवढ्यात चाक दुसऱ्या बाजूला गेलेलंही असतं, त्यामुळे जोर कधी नीट उभाच राहत नाही. मधल्या वेगाला, ताशी २० च्या आसपास, उशीर २७ मिलिसेकंद. जोर पुरता उभा राहतो *आणि* उशिराही येतो. दोन्ही वाईट गोष्टी एकाच वेळी.

आता थोडे आकडे. हे कुठल्या एका गाडीवर मोजलेले नाहीत, गणितासाठी धरलेले आहेत, पण कुठल्याही मध्यम मोटरसायकलला शोभतील असे आहेत. टायरचा बाजूचा ताठरपणा रेडियनला १२,००० न्यूटन, हँडल-फोर्क-चाक यांचं जडत्व ०.६ किलोग्रॅम-मीटर वर्ग, ट्रेल १० सेंटीमीटर, पिछाडी १५ सेंटीमीटर. गाडीचा बाकीचा सांगाडा स्थिर धरला तर एक छोटं तिसऱ्या घाताचं समीकरण मिळतं, आणि 'सगळ्या वेगांना थरथर बंद ठेवायला किमान किती डॅम्पिंग हवं' याचं उत्तर कागद-पेन्सिलीवर निघतं. इथे ते ४.९ येतं (एकक: न्यूटन-मीटर-सेकंद प्रति रेडियन). सगळ्यात वाईट वेग निघतो सेकंदाला साडेपाच मीटर, म्हणजे ताशी २०. थरथरीचा ठेका सेकंदाला ६-७.

आता गाडीत ४.९ ऐवजी ४.५ एवढंच डॅम्पिंग आहे असं धरा. थरथर ताशी १२ ते ३२ किमी या पट्ट्यात येते. खाली नाही, वर नाही. ३ असेल तर पट्टा ६ पासून थेट ६३ पर्यंत पसरतो. आणि ५ केलं की पट्टा नाहीसा.

हा निष्कर्ष मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. थरथर असणं आणि नसणं यात फरक फार थोडा असतो. म्हणूनच एकाच गाडीबद्दल दोघं दोन गोष्टी शपथेवर सांगतात. एकाने ग्रीस बदललं आणि "रोग गेला", दुसऱ्याने एक हात सोडला आणि रोग आला. वेग कमी करताना थरथर जास्त जाणवते, कारण वजन पुढे येतं आणि पुढच्या टायरचा ताठरपणा वाढतो. दोघंही खरं सांगतायत. काठावर उभ्या असलेल्या गाडीला कुठूनही थोडं ढकललं की ती इकडची तिकडे होते. आणि म्हणूनच "मी अमुक केलं आणि थरथर गेली" हा पुरावा फार कच्चा असतो.

पहिला सल्ला: ट्रेल कमी करा

आता तेच आकडे ठेवून ट्रेल १० वरून ५ सेंटीमीटर करू. सल्ला बरोबर असेल तर लागणारं डॅम्पिंग कमी व्हायला हवं.

ते ४.९ वरून ८ होतं.

म्हणजे तूट वाढली. गाडीत ४.५ एवढंच डॅम्पिंग असेल तर आधी १२ ते ३२ असलेला पट्टा आता ताशी २ पासून ४२ पर्यंत जातो. कारण सरळ आहे: ट्रेल कमी केल्यावर त्याची आघाडी कमी झाली, टायरची पिछाडी मात्र तेवढीच राहिली. या छोट्या मॉडेलमध्ये सगळ्यात जास्त डॅम्पिंग लागतं ते ट्रेल पिछाडीच्या एक चतुर्थांश असताना, म्हणजे आपल्या आकड्यांत पावणेचार सेंटीमीटरला. दहावरून पाचकडे येणारा माणूस त्या शिखराकडेच चालत असतो.

मग ट्रेल कमी करून ज्यांची थरथर गेली ते सगळे खोटं बोलतात का? नाही. ट्रेल बदलायचा म्हणजे फोर्क उतरवणं, नवी टी बसवणं किंवा अख्खा लीडिंग लिंक फोर्क लावणं. या कामात कोनसेट नवा पडतो, ग्रीस ताजं होतं, वाकडा फोर्क असेल तर निघून जातो, चाकाची जोडणी नीट होते, आणि बऱ्याचदा त्याच बैठकीत डॅम्परही लागतो. शिवाय सगळ्यात वाईट वेगही खाली घसरतो, ताशी २० वरून १० कडे. तिथे कुणी फार वेळ रेंगाळत नाही. सहा गोष्टी एकदम बदलल्यावर श्रेय मात्र सगळ्यात महागड्या गोष्टीला मिळतं. हा मानवी स्वभाव आहे, प्रयोगशाळेतही दिसतो.

उरलचं उदाहरण इथे बोलकं आहे. ट्रेल कमी असलेला पुढचा भाग असूनही तिच्यावर स्टिअरिंग डॅम्पर असतो. ट्रेल कमी करणं हाच थरथरीवर इलाज असता तर साइडकारसाठीच बनणाऱ्या गाडीला त्याची गरजच नव्हती.

म्हणून ट्रेल जरूर कमी करा, पण खांद्यांसाठी. आणि करताना डॅम्परचे पैसे बाजूला ठेवून करा.

दुसरा सल्ला: डॅम्पर म्हणजे मलमपट्टी

या समजुतीला चांगल्या घरचा वारसा आहे. रॉबिन शार्प यांचा १९७१ चा लेख मोटरसायकलच्या स्थैर्याच्या अभ्यासात पायाभूत मानला जातो. त्यांनी दुचाकीच्या तीन हालचाली वेगळ्या काढल्या: कोलमडणं, संपूर्ण गाडीचं नागमोडी डोलणं (वीव्ह), आणि हँडलची जलद थरथर (वॉबल). त्यात एक अडचणीची गोष्ट निघाली: स्टिअरिंग डॅम्पर थरथर शमवतो, पण जास्त वेगाला नागमोडी डोलणं वाढवतो. म्हणजे एका हाताने देतो, दुसऱ्याने काढतो. डॅम्परकडे संशयाने बघायला हे कारण पुरेसं आहे. ताशी १४० ला गाडी डोलायला लागण्यापेक्षा ३० ला हँडल थरथरलेलं परवडलं.

पण हा निष्कर्ष कुठल्या गाडीचा आहे? झुकणाऱ्या गाडीचा. नागमोडी डोलण्यात झुकणं, वळणं आणि हँडल फिरणं हे तिन्ही एकमेकांत गुंतलेले असतात. साइडकारची गाडी तीन चाकांवर उभी. तिला झुकायची मुभाच नाही (डावं चाक उचललं जाईपर्यंत). झुकणं काढून घेतलं की त्या जातीचं डोलणंही उरत नाही. आणि डोलणं नसेल तर डॅम्परची ती किंमतही मोजावी लागत नाही. दुचाकीसाठी खरी असलेली सावधगिरी आपण पत्ता न बघता तिसऱ्या चाकाच्या घरी पोचवली.

'मलमपट्टी' हा शब्दही तपासू. मलमपट्टी म्हणजे जखम झाकणं, कारण तसंच ठेवणं. इथे कारण काय आहे? टायरच्या पिछाडीने दर फेरीला आत येणारी ऊर्जा. ती शून्य करायचा उपाय म्हणजे ट्रेल पिछाडीपेक्षा मोठा करणं, आणि तो आपण वर नाकारला. मग दर फेरीला तेवढी ऊर्जा बाहेर काढणं हाच खरा उपाय उरतो. डॅम्पर तेच करतो. विमानांच्या पुढच्या चाकांना शिमी डॅम्पर बसवतात तेव्हा त्याला कुणी मलमपट्टी म्हणत नाही.

डॅम्परवर माझी टीका वेगळी आहे, ती बसवण्यावर. डॅम्परचा परिणाम तो हँडलच्या दांड्यापासून किती अंतरावर जोडलाय त्याच्या *वर्गावर* अवलंबून असतो. ६ सेंटीमीटरवर जोडलेला तोच डॅम्पर ८ सेंटीमीटरवर नेला तर परिणाम १.८ पट होतो. म्हणून "डॅम्पर लावला, काही फरक पडला नाही" असं कुणी म्हटलं की पहिला प्रश्न विचारायचा: किती अंतरावर? दुसरा: हँडल दोन्हीकडे पूर्ण वळतं का, की डॅम्पर आधीच संपतो? डॅम्परने वळण अडवलं तर तो थरथरीपेक्षा घातक आहे.

तिसरा सल्ला: कोनसेट आवळा

तिन्हींमध्ये मला सगळ्यात जास्त भीती याची वाटते, कारण तो लगेच काम करतो.

कोनसेट सैल असेल तर तो बरोबर आवळायलाच हवा, यात वाद नाही. मी बोलतेय ते थरथर थांबावी म्हणून गरजेपेक्षा जास्त आवळण्याबद्दल. डॅम्परमधलं तेल आणि आवळलेलं बेअरिंग दोन्ही 'घर्षण' देतात, पण जात वेगळी. तेलाचा विरोध हालचालीच्या वेगाबरोबर वाढतो: थरथर मोठी, विरोधही मोठा. कोरडं घर्षण तेवढंच राहतं. मोठ्या थरथरीपुढे ते प्रमाणात कमी पडतं.

पुन्हा आपल्या आकड्यांत: आवळून २ न्यूटन-मीटरचं कोरडं घर्षण मिळालं, दुसरं काही डॅम्पिंग नाही. थरथर अर्ध्या अंशाची असेल तर हे घर्षण साडेसहाच्या डॅम्परसारखं वागतं. गरज ४.९ ची, म्हणजे उत्तम. पण खड्ड्याने हँडलला दोन अंशांचा झटका दिला तर तेच घर्षण जेमतेम १.६ च्या डॅम्परइतकं उरतं. गरजेच्या एक तृतीयांश. आता थरथर विझत नाही, वाढते.

अर्थ लक्षात घ्या. मेस्त्री गुळगुळीत रस्त्यावर एक फेरी मारून येतो, गाडी शांत. मालक पैसे देतो. मग एके दिवशी, साइडकारमध्ये माणूस बसलेला असताना, स्पीड ब्रेकर उतरताना हँडल हातातून सुटू बघतं. दुरुस्ती नापास झाली ती नेमकी जिथे तिची गरज होती तिथे, आणि पास झाली ती जिथे परीक्षा घेतली तिथे. वर आवळलेल्या कोनसेटमध्ये गोळ्यांचे खड्डे पडतात, हँडल मध्यावर अडकल्यासारखं वाटू लागतं, ते वेगळंच. जुन्या गाड्यांवर हँडलच्या मध्यभागी असणारा आवळायचा गोल नॉबही याच कोरड्या जातीचा. नसण्यापेक्षा बरा, पण तेलाच्या डॅम्परची बरोबरी त्याच्याकडून मागू नका.

सल्ल्यांचं काय बरोबर आहे

अनुभवी लोक सगळ्यात आधी हवा तपासायला सांगतात, आणि मॉडेल त्यांच्या बाजूने ठाम उभं राहतं. हवा कमी झाली की टायर बाजूला जास्त लवचिक होतो आणि पिछाडी वाढते. ती १५ वरून २० सेंटीमीटर झाली तर लागणारं डॅम्पिंग ४.९ वरून ७.९ होतं. फुकटच्या हवेने जेवढा फरक पडतो तेवढा काही हजारांच्या कामाने पडेलच असं नाही. हँडलवर लावलेली मोठी काच, पिशव्या, जादा दिवे काढा असंही म्हणतात. तेही बरोबर, त्याने जडत्व कमी होतं. जडत्व ०.८ असेल तर गरज ५.७, ०.६ असेल तर ४.९.

टो-इन आणि लीन-आउट, म्हणजे साइडकारचं चाक किंचित आत वळवून आणि मोटरसायकल किंचित बाहेर कलवून जोडणं, हे गाडी एका बाजूला ओढण्यावरचे उपाय आहेत. ते नीट हवेतच. पण थरथरीचा मुख्य दोष त्यांच्यावर टाकू नका. वरच्या हिशेबात ते थेट कुठे येत नाहीत.

माझ्या मॉडेलच्याही मर्यादा आहेत. त्यात फ्रेमचा लवचिकपणा नाही, साइडकारचे जोड सैल असले तर काय होतं ते नाही, टायरचा स्वतःचा छोटासा ट्रेल नाही. म्हणून ४.९ हा आकडा पाठ करून दुकानात जाऊ नका. टिकाऊ आहे तो आकड्यांमागचा क्रम: काय वाढवलं की गरज कुठे जाते.

एक सोपी परीक्षा

दुरुस्तीच्या आधी रोगाची जात ओळखायला हवी. चाकाचं बॅलन्सिंग बिघडलं असेल किंवा रिम आउट असेल तरीही हँडल हलतं, पण तो प्रकार वेगळा. फरक ओळखायला मोबाईलचा स्लो-मोशन व्हिडिओ पुरतो.

मोकळं मैदान, साइडकारमध्ये माणसाऐवजी वाळूची पोती, दोन्ही हात हँडलवर सैलसर; हात सोडायचे नाहीत. फोन टाकीवर घट्ट बसवून ताशी २० आणि ताशी ३० ला हँडलचा व्हिडिओ घ्या आणि एका सेकंदातल्या थरथरी मोजा. मोटरसायकलच्या चाकाचा घेर साधारण दोन मीटर, म्हणजे २० ला चाक सेकंदाला जेमतेम तीनदा फिरतं आणि ३० ला चारदा. थरथरीचा ठेका चाकाच्या फेऱ्यांबरोबर तसाच वाढत असेल तर चाक बघा. ठेका दोन्ही वेगांना जवळपास तोच आणि फेऱ्यांपेक्षा बराच जलद असेल, तर ही स्वतःला पोसणारी थरथर आहे आणि वरचं सगळं लागू.

मग क्रम असा: हवा आणि टायरची झीज. साइडकारचे सगळे जोड. कोनसेट योग्य तेवढाच, म्हणजे पुढचं चाक उचललं की हँडल स्वतःच्या वजनाने बाजूला पडायला हवं. हँडलवरचं ओझं कमी. त्यानंतर तेलाचा, कमी-जास्त करता येणारा डॅम्पर, पुरेशा अंतरावर. आणि हँडल जड वाटत असेल तर, आणि तरच, ट्रेल. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि दर वेळी तोच व्हिडिओ घ्यायचा. शेवटची फेरी गुळगुळीत रस्त्यावर नाही, कमी वेगाने एखाद्या छोट्या उंचवट्यावरून घ्या. झटका दिल्यावर हँडल दोन-तीन हेलकाव्यांत विझलं तरच काम झालं असं समजायचं.

साइडकारवाल्यांची गाडी आपल्याकडे आता क्वचित दिसते. 'शोले'मधल्या जय-वीरूमुळे सगळ्यांना ती माहीत असते, चालवलेली मात्र फार थोड्यांनी. त्यामुळे थोड्या लोकांचा अनुभव पुनःपुन्हा सांगून नियमासारखा घट्ट होतो, आणि संशोधनाकडून येतं ते बहुतेक दुचाकीसाठी लिहिलेलं. दोन्हींच्या मधल्या जागेत मालक आणि मेस्त्री उभे आहेत. त्यांच्याकडे उपकरणं नाहीत हे खरं, पण खिशात स्लो-मोशन कॅमेरा आहे. पुढच्या वेळी कुणी "अमुक करा, थरथर जाईल" म्हणालं तर एवढंच विचारा: आधीचा आणि नंतरचा व्हिडिओ आहे का, आणि उंचवट्यावरून नेऊन बघितलं का?